सरळपणाचा नाद

पातळ केसांच्या बाईला सल्ला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसलेल्या अनोळखी काकू, ऑफिसात डबा खाताना जमलेला घोळका, रिक्षाच्या रांगेतली बाई, प्रत्येकीकडे एकेक रामबाण तेल असतं. माका, जास्वंद, ब्राह्मी, आवळा, कांद्याचा रस. यातलं बहुतेक सगळं मी डोक्याला फासलंय. कांद्याच्या रसाबद्दल एवढंच सांगते, की त्या रात्री नवरा उशी उचलून हॉलमध्ये झोपायला गेला.

तेलांचं जाऊ द्या. मला सांगायचंय ते माझ्या एका पक्क्या मताबद्दल, जे पन्नाशीला टेकताना बदललं. मत असं होतं, की केस कमी असले तर ते सरळ, नीट, चापून बसवलेलेच हवेत. दाट केसवालीनं हवं तर विस्कटून फिरावं, तिला परवडतं. आपल्यासारखीनं शिस्तीत राहावं.

हे मत घरातूनच आलं. रविवारी न्हाणं, त्याआधी डोक्यावर खोबरेल, एरवी मधोमध भांग आणि घट्ट वेणी, असा आईचा कारभार होता. सुटे केस म्हणजे झिपऱ्या. "ही काय अवदसा आठवली तुला?" हे वाक्य शाळकरी वयात इतक्यांदा ऐकलं, की अजूनही केस मोकळे सोडले की ते कानात वाजतं. आजीचं गंगावन कपाटाच्या दारामागे खिळ्याला टांगलेलं असायचं. लग्नकार्य असलं की ते तिच्या वेणीत गुंफलं जाई आणि उंदराच्या शेपटीएवढी वेणी एकदम कमरेपर्यंत येई. त्यात लपवाछपवी आहे असं कुणालाच वाटत नसे. थोडक्यात, आमच्या घराण्यात केस कमीच आणि त्यावरचे उपाय दोनच: उसने आणा, नाहीतर आहेत ते चापा.

आईची बाजू खोटी नव्हती. ती वर्षानुवर्षं डोंबिवलीहून व्हीटीला लोकलनं जायची. बायकांच्या डब्यात केस सुटे सोडले की ते दुसरीच्या पर्सच्या चेनमध्ये अडकलेच म्हणून समजा. तिची घट्ट वेणी ही गर्दीतली सोय होती. त्या सोयीचा सौंदर्याचा नियम मी केला, आणि तो आईपेक्षा कडकपणे पाळला.

माझे केस मुळात सरळ नाहीत, हे मला चाळिशी उलटून गेल्यावर कळलं. कुरळे म्हणावेत तर ते तसेही नाहीत. विंचरले की भुरभुरतात, आणि पावसाळ्यात कानामागच्या बटा मनाला येईल तिकडे वळतात. याला मी इतकी वर्षं 'खराब केस' म्हणत आले. मग रिबाँडिंग आलं आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

रिबाँडिंगमध्ये नेमकं काय होतं, ते मी फार उशिरा वाचलं. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातल्या साखळ्यांना गंधकाचे पक्के बंध धरून ठेवतात, आणि जोडीला हायड्रोजनचे कच्चे बंध असतात. कच्चे बंध पाण्यानं सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. रिबाँडिंगमध्ये एका रसायनानं गंधकाचे बंध तोडतात, केस तापत्या इस्त्रीखाली सरळ ताणतात आणि दुसऱ्या रसायनानं ते बंध नव्या आकारात पक्के करतात. कार्ल नेसलर नावाच्या जर्मन केशकर्त्यानं १९०५ साली लंडनमध्ये कायमचे कुरळे केस करून दाखवले, तेही याच बंधांच्या जोरावर. तेव्हा सरळ केसांच्या बायका तासन्‌तास बसून कुरळ्या होऊन उठायच्या. शंभर वर्षांनी मी डोंबिवलीच्या पार्लरमध्ये तशीच बसून, होती ती वळणं पैसे मोजून काढून घेत होते.

कौतुक भरपूर झालं. "किती सिल्की!" सिल्की होतेच ते. पण ट्यूबलाइटखाली टाळू चमकायची. सगळे केस एका दिशेनं एकमेकांना चिकटून पडलेले, त्यामुळे मधली फट उघडी. टाळूचं तेल सरळ केसावरून भरभर खाली उतरतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी ते आणखी चपटे व्हायचे. एका लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफरनं मागून, जरा उंचावरून फोटो काढला होता. भांग केवढा रुंद! त्यावर माझा निष्कर्ष काय, तर मुळाशी नवे केस वाकडे वाढलेत, पुन्हा पार्लरला जायला हवं.

मत बदलायला निमित्त झाली माझी भाची. सुट्टीला राहायला आली होती. न्हाऊन आल्या आल्या मी कंगवा हातात घेतला, तशी म्हणाली, "मावशी, नको ना विंचरूस. तसेच वाळू दे."

"आणि मग? भुतासारखी हिंडू?"

"रविवारच आहे. कोण बघतंय?"

अभिनेत्री मिथिला पालकरनं २०१६ मध्ये कपांच्या ठेक्यावर जुनं मराठी गाणं म्हटलं, तेव्हापासून तिचे कुरळे केस मला आवडायचे. पण माझं म्हणणं असे, की तिला शोभतात, तिचे दाट आहेत. भाची म्हणाली, "ते दाट दिसतात, कारण वळलेले आहेत. थोडं कारण ते पण आहे." मला तो पोरकटपणा वाटला. दुपारी केस वाळले. कानाच्या खालपासून सैल वळणं आली होती, आणि मागचा तो चपटा भाग कुठे दिसेना. आधी आरशावर संशय घेतला, मग खिडकीतल्या उजेडावर.

भाचीचं म्हणणं पोरकट नव्हतं, हे भौतिकशास्त्रज्ञ सांगतात. ब्रिटनमधल्या रेमंड गोल्डस्टीन, पॅट्रिक वॉरन आणि रॉबिन बॉल यांनी २०१२ मध्ये पोनीटेलच्या आकाराचं गणित मांडलं. त्याच वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. त्यांच्या हिशेबात केसांच्या जुडग्याला बाहेर फुगवणारा एक दाब असतो, आणि तो येतो प्रत्येक केसाच्या आपापल्या वेड्यावाकड्या वळणातून. वळलेले केस एकमेकांना खेटून बसू शकत नाहीत, मध्ये हवा राहते. त्यांना खाली ओढणारं असतं त्यांचंच वजन. केस जितके लांब, तितकी वळणं ओढली जातात. म्हणजे माझ्याकडे संख्येनं कमी आणि जाडीनं बारीक केस होते, त्यांना फुगवणारी एकच गोष्ट जन्मतः मिळालेली होती, आणि तीच मी इस्त्रीखाली घालत होते. वर लांबीचा हट्टही होताच.

पावसाळ्यातल्या त्या आगाऊ बटांचंही कारण आहे. हवेतला दमटपणा कच्चे बंध सैल करतो. ओलाव्यानं केसाची लांबीसुद्धा बदलते, इतकी भरवशानं, की सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानं १७८३ मध्ये माणसाचा केस वापरून आर्द्रता मोजायचं यंत्र केलं होतं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत इस्त्री केलेले केस सरळ ठेवणं म्हणजे रोज नव्यानं हरणं. पुण्या-नाशकाकडे जरा बरं असेल.

मग मी केस खांद्यापर्यंत कापले. आई दोन दिवस बोलली नाही. आता शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त टोकांना. कंडिशनर केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता काढायचा, त्यानंतर कंगवा बंद. केसांतून पाणी गळत असतानाच खाली वाकून जेल लावायचं आणि टोकं तळहातावर घेऊन मुळांकडे दाबत न्यायची. टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट, आणि तोही घासायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतात, ते हातानं हलकेच चुरगाळले की मऊ होतात. जेल मी जवसाचं करते. मूठभर जवस पाण्यात उकळायचे, बुळबुळीत तार आली की लगेच गरम असतानाच गाळायचं, कारण थंड झाल्यावर ते गाळणीतून हलता हलत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, मग वास मारतं. बारीक केसांना ते अगदी थोडं लागतं. जड क्रीम आणि बटर पातळ केसांना लावूच नयेत, सगळी वळणं बसतात.

खोबरेल मात्र सोडलं नाही, नाहीतर आईनं मलाच सोडलं असतं. मुंबईतल्याच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलानं तसं होत नाही. म्हणजे न्हाण्याआधी तेल लावण्यात आई बरोबर होती. न्हाल्यावर पुन्हा तेल चोपडण्यात नव्हती. तिच्या दोन्ही सवयींना एकच माप लावून चालणार नाही, एवढं मी आता मान्य करते. ती माझ्याकडे पाहून म्हणते, "बरे दिसतात. पण वेणी घातली असतीस तर..."

एक गोष्ट स्पष्ट सांगते. 'स्वतःला आहे तसं स्वीकारा' वगैरे मला काही जमलेलं नाही. आरशात केस जास्त दिसतात म्हणून मत बदललं, एवढाच त्याचा आध्यात्मिक भाग. सरळ ठेवून जास्त दिसले असते, तर आजही इस्त्रीच धरली असती. आणि काल ज्या दुकानात सरळपणा विकत होते, तिथेच आज वळणांची क्रीमं त्याच भावात मिळतात, हेही मला दिसतं. घाईच्या सकाळी मी अजूनही सरळ क्लचर लावून निघते.

शिवाय हा सगळा दिसण्याचा मामला आहे. यानं नवा केस एकही उगवत नाही. रोज पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचंच. पण डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जाऊ लागतात, ते बहुधा परत येतात. भांग हळूहळू रुंदावत चालला असेल तर तो वेगळा आजार आहे. लुडविग या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७७ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या ठरवल्या, आणि पहिल्या पायरीवर औषधाचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. रक्तातलं लोह आणि थायरॉइडही तपासून घ्यावं लागतं. मी तेलांच्या बाटल्यांमध्ये जितकी वर्षं घालवली, तितकी तुम्ही घालवू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, वळणं नंतर. कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले असतील तर घट्ट वेणी आणि अंबाडा आधी सैल करा, कारण सततच्या ताणानं तिथली मुळं कायमची मरू शकतात.

आणि घरात एखाद्या मुलीचे केस पातळ आणि पिंजारलेले दिसत असतील, तर तिला पार्लरला नेण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी केस धुऊन, न विंचरता, हात न लावता वाळू द्या. ते सरळ आहेत की नाहीत, हे तेव्हाच कळेल.