कानाला कळणारी चूक

अंतिम वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी येतात तेव्हा बेत मोठे असतात. ‘सर, आख्खं कॉल सेंटर बनवायचंय.’ मी म्हणतो, आधी ॲस्टेरिस्क या मुक्त-स्रोत टेलिफोन सॉफ्टवेअरवर एक कॉल लावा आणि तो कसा लागला ते बघा. लॅबमधलं एक लिनक्स मशीन आणि दोन मोबाइल एवढ्यावर एक्स्चेंज उभं राहतं.

टेलिफोनीत चूक कानाला कळते, म्हणून मी हे क्षेत्र सुचवतो. कॉल लागतो, पण घराच्या राउटरमागून बोलणाऱ्या मुलीला पलीकडचं काहीच ऐकू येत नाही. नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा वायरशार्क उघडला की कॉल सुरू करणाऱ्या इन्व्हाइट संदेशात ‘आवाज इथे पाठवा’ म्हणून १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. तो फक्त तिच्या घरात चालतो, त्यामुळे दर २० मिलिसेकंदांनी निघणारं आवाजाचं पॅकेट तिच्यापर्यंत पोचतच नाही. आवाज जिथून आला तिथेच परत पाठव, असं सर्व्हरला सांगितलं की बोलणं सुरू होतं. परीक्षेसाठी पाठ केलेलं नॅट, म्हणजे राउटरने केलेली पत्त्यांची अदलाबदल, त्या दिवशी समजतं.

आपल्या मुलांनीच करावं असं कामही इथे आहे. इंग्रजीतला एकवीस हा आकडा ॲस्टेरिस्क ‘ट्वेंटी’ आणि ‘वन’ ही दोन रेकॉर्डिंग जोडून बोलतो. मराठीत ही जोडणी चालत नाही. एकवीस, एकोणतीस, त्रेसष्ट, नव्व्याण्णवपर्यंत प्रत्येक आकडा वेगळा रेकॉर्ड करावा लागतो, आणि त्याचा नियम लिहावा लागतो.

असं काम विद्यार्थ्यांना झेपतं. मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये ॲस्टेरिस्क लिहायला घेतला तेव्हा तो ऑबर्न विद्यापीठात शिकत होता. व्हिडिओ कॉलसाठी वापरलं जाणारं आजचं जित्सी २००३ मध्ये स्ट्रासबूर्गला एमिल इव्होव्हच्या विद्यार्थी-प्रोजेक्टमधून सुरू झालं.

अशा मुक्त-स्रोत प्रकल्पाला पाठवलेला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, बहुतेकदा परत येतो: चाचणी जोडा, बदल छोटा करा, कारण नीट लिहा. मुलं हिरमुसतात, पण खरं शिक्षण तिथेच होतं. अनोळखी माणसाला आपला कोड पटवून देणं व्हायव्हात कुणी शिकवत नाही.

विभागप्रमुखांना माझी एकच विनंती आहे. मुक्त-स्रोत प्रकल्पाने स्वीकारलेला वीस ओळींचा पॅच हा पूर्ण प्रोजेक्ट माना आणि त्यासाठी दोन्ही सेमिस्टर द्या. प्रोजेक्ट रिपोर्टचं ब्लॅक बुक बाइंड होऊन कपाटात जातं. तो पॅच मात्र लोकांच्या वापरात राहतो.