कार्ड खिशात आहे, रुग्णालय कुठं आहे?

गेल्या दोन-तीन महिन्यांत दुकानावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "भाऊ, आपल्यासारख्याला परवडेल असा मेडिक्लेम कोणता?" विचारणारे कोण? एक रिक्षावाला, एक शिलाईकाम करणारी ताई, दोघं खासगी नोकरीतले आणि एक निवृत्त शिक्षक. तहसीलजवळ झेरॉक्सचं दुकान असलं की माणसं कागदाबरोबर प्रश्नही घेऊन येतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण धाराशिवात राहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी.

आधी सरळ गोष्ट. आपल्यातल्या बहुतेकांना विमा शोधायची गरजच नाही, तो आधीपासून आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये नाव बदललं. तेव्हा ती पिवळ्या आणि केशरी कार्डासाठी होती. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत असल्यामुळे इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून लाभ मिळायचा. पण त्याच रांगेत उभ्या असलेल्या पांढऱ्या कार्डाच्या टपरीवाल्याला मिळायचा नाही. त्यामुळे "पांढऱ्याला काही नसतं" हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय, की आता नियम बदलला तरी लोक विचारायलाच जात नाहीत.

नियम बदललाय. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना राज्यातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारकांना आणि अधिवासी कुटुंबांना लागू केली, आणि १ जुलै २०२४ पासून ती प्रत्यक्षात आली. कार्डाचा रंग कुठलाही असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. आधी ही मर्यादा दीड लाख होती. हप्ता शून्य. पाच लाख माणशी नाहीत, सगळ्या घराला मिळून आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

मग अडतं कुठं? रुग्णालयात अडतं.

आमच्या घरचंच सांगतो. थोरल्या बंधूंच्या छातीत मागच्या वर्षी रात्री कळ आली. दादा टेम्पो चालवतात, दवाखान्याला जायचं म्हटलं की "उद्या बघू" म्हणणारा माणूस. त्या रात्री स्वतःहून "चला" म्हणाले, तेव्हाच आम्ही घाबरलो. एका खासगी रुग्णालयात नेलं, कारण दारावर योजनेचा भला मोठा फलक होता. आत गेल्यावर कळलं की ते योजनेत आहेत, पण हाडांच्या उपचारांसाठी. हृदयासाठी नाहीत.

हे नव्वद टक्के लोकांना माहीत नसतं असं माझं मत आहे (आकडा माझ्या दुकानातला समजा, सरकारी नाही). रुग्णालय योजनेत असणं आणि तुमच्या आजारासाठी योजनेत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता विषयवार मिळते. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, ते खासगीत योजनेतून होतच नाहीत. फलकावर यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

१०८ ची गाडी बोलावली आणि सोलापूर गाठलं. तिथल्या रुग्णालयाला हृदयाची मान्यता होती. पण शिधापत्रिकेवर दादांचं घरातलं नाव आणि आधारवर शाळेतलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "नाव जुळत नाही. तीस हजार भरा, मंजुरी आली की परत मिळतील." वहिनींनी लगेच गळ्याकडे हात नेला. मी म्हटलं, भरतो, पण पावतीवर योजनेतला रुग्ण असं लिहून द्या. तर म्हणे अशी पावती देता येत नाही. मग म्हटलं, आरोग्यमित्राला बोलवा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. तो रुग्णालयाचा नोकर नाही, योजनेचा माणूस आहे. वीस-पंचवीस मिनिटांनी तो आला. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद नंतर देता येतात, हे त्याने काउंटरला सांगितलं तेव्हा कुठं चाकं फिरली. पहाटे अँजिओप्लास्टी झाली. नावाचा घोळ आम्ही नंतर प्रतिज्ञापत्र करून मिटवला. एक रुपया भरला नाही. वहिनींचं मंगळसूत्र गळ्यातच राहिलं.

आरोग्यमित्र हा शब्द माहीत नसता तर? तीस हजार गेलेच असते. रोकडरहित योजनेत रुग्णाकडून पैसे मागायचेच नसतात. कुणी मागितले तर पावती मागा आणि तिथूनच १५५३८८ किंवा १८००२३३२२०० ला फोन लावा. नुसता फोन हातात घेतला तरी बोलण्याचा सूर बदलतो, हा अनुभव आहे.

रुग्णालयांची बाजूही आहे. ते म्हणतात, योजनेचे दर कमी आणि सरकारचे पैसे उशिरा. खरं आहे, वर्षानुवर्षांची तक्रार आहे. पण मग मान्यता घेऊ नका ना. फलक लावायचा, आणि पेशंट आला की "योजनेचे बेड फुल आहेत" म्हणायचं, हे कसं चालेल?

आता कागदांबद्दल, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. सगळ्यात जास्त मार खातात त्या नव्या सुना. माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केलेलं, सासरच्या कार्डात चढवलेलं नाही. दोन-दोन वर्षं बाई कुठल्याच कार्डात नसते. नेमका त्याच काळात दवाखाना लागतो. लग्नाचे अल्बम यायच्या आधी हे काम करा. बाळाचं नाव कार्डात नसेल तर जन्मदाखला जवळ ठेवा. तुमच्या कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर आहे का ते रेशन दुकानात किंवा पुरवठा विभागात विचारा. पांढरी कार्डं कित्येकांनी पंधरा वर्षांत बाहेरच काढलेली नाहीत.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी तर याहून सोपं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. उत्पन्नाची अट नाही, फक्त आधार लागतं. घर आधीच आयुष्मान भारतमध्ये असेल तर ज्येष्ठांना त्यावर वेगळे पाच लाख. आमच्या वडिलांचं काढलं. पण इथंही एक गंमत आहे. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांची आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी! कुणीतरी अंदाजे टाकलेली. प्रत्यक्षात पंचाहत्तर, आधारवर सदुसष्ट. अशा आजीला कार्ड मिळत नाही. शाळेचा जुना दाखला कुठं असेल तर आत्ताच शोधा, आजारपणात तो सापडत नाही.

अजून एक गैरसमज. पासबुकात दरवर्षी २० रुपये आणि ४३६ रुपये कटलेले दिसतात, आणि लोक सांगतात, "बँकेतून आमचा विमा आहे." तो आरोग्य विमा नाही. वीस रुपयांचा अपघात विमा आहे, मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर. ४३६ चा जीवन विमा. दोन्ही असू द्या, पण दवाखान्याच्या बिलाला त्यातून दमडी मिळणार नाही.

दुकानात, शोरूममध्ये, कारखान्यात कामाला असाल आणि पगार २१ हजारांपर्यंत असेल, तर मालकाने ईएसआयची नोंदणी केली आहे का हे विचारा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर तो प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. बारा हजार पगाराला तुमचे कटतात महिन्याला ९० रुपये, मालकाचे ३९०. मालक का टाळतो ते यावरून कळेल.

खासगी पॉलिसी घ्यावी का? मला चौघांसाठी सत्तावीस हजार सांगितले होते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढं हलकं झालं. ऐपत असेल तर जरूर घ्या, पण शुगर-बीपी लपवून घेऊ नका. आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. थांबा, पण खरं लिहा. एजंट "लिहू नका, काही होत नाही" म्हणाला तर एजंट बदला.

आणि योजनेत काय नाही तेही सांगतो. दर महिन्याच्या शुगर-बीपीच्या गोळ्या, ओपीडीची फी, साध्या तपासण्या, यातलं काहीच नाही. सामान्य घराचे पैसे खरे जिरतात ते तिथंच. त्यासाठी जनऔषधी दुकान किंवा सरकारी दवाखाना, दुसरा रस्ता मला तरी दिसत नाही.

नगरपालिकेत मी एक अर्ज दिलाय. मागणी एवढीच आहे की कोणत्या रुग्णालयाला कोणत्या आजारासाठी मान्यता आहे आणि आरोग्यमित्राचा नंबर काय, याचा फलक बसस्थानकावर आणि पालिकेच्या दारात लावा. धाराशिव, सोलापूर, लातूर, तिन्ही ठिकाणचा. नेत्यांच्या वाढदिवसाला लागतो त्याच्या निम्म्या आकाराचा चालेल. आवक शिक्का मिळाला, अजून उत्तर नाही. ज्यांना वाटतं त्यांनी आपापल्या प्रभागातल्या नगरसेवकाला हे विचारा. पन्नास जणांनी विचारलं तर काम होईल.

तोवर मी स्वतः चौकशी करून एक यादी केली आहे. हृदय, किडनी, कॅन्सर, हाडं, मेंदू, असे रकाने पाडून. दुकानाच्या काचेवर आतून चिकटवली आहे, फोटो काढून न्या, पैसे नाहीत. मान्यता बदलत राहते, त्यामुळे निघायच्या आधी रुग्णालयाला फोन करून "या आजारासाठी आहात का" असं विचाराच. मागच्या आठवड्यात एक नाव पेनाने खोडलं आणि दोन नवीन लिहिली आहेत.