वडील, पाळक, सेविका

मराठी बायबलमध्ये मंडळीच्या पुढाऱ्यांसाठी मुख्यत्वे तीन शब्द येतात : अध्यक्ष, वडील आणि सेवक. चर्चच्या रोजच्या बोलण्यात त्यांत 'पाळक' या चौथ्या शब्दाची भर पडते. साहित्याच्या अभ्यासकांनी थोडा वेळ या शब्दांकडे केवळ शब्द म्हणून पाहावे, अशी आमची विनंती आहे. स्त्रियांनी चर्चचे नेतृत्व करावे की नाही, या वादातील बराचसा भाग या शब्दांच्या पोटातच दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

'वडील' हा शब्द घ्या. मूळ ग्रीक शब्द 'प्रेस्ब्युतेरोस'; त्याचा साधा अर्थ वयाने ज्येष्ठ. भाषांतरकारांनी निवडलेला प्रतिशब्द त्यांच्या काळी योग्यच होता. जुन्या मराठीत 'वडील बहीण' असे सहज म्हणत, आणि 'वडीलधारी माणसे' म्हटले की त्यांत आजीही आलीच. पुढे बोलीत हा शब्द आकसला आणि 'वडील' म्हणजे बाप एवढाच अर्थ प्रथम मनात येऊ लागला. आता प्रत्येक गावी वडील नेमावेत असे उपासनेत वाचले गेले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुषांचीच बैठक उभी राहते. वास्तविक तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात याच ग्रीक शब्दाचे स्त्रीलिंगी रूप वृद्ध स्त्रियांसाठी आले आहे.

'पाळक' या शब्दाची अडचण निराळी. पाटलाची ती पाटलीण, कुलकर्ण्याची ती कुलकर्णीण. हुद्दा नवऱ्याचा आणि स्त्रीलिंगी प्रत्यय बायकोला, ही आपल्या भाषेची जुनी वहिवाट. तिला अनुसरून 'पाळकीण' म्हटले, तर पाळकांची पत्नीच समोर येते. स्वतः पाळक असलेली बाई त्या शब्दात मावत नाही.

'सेवक' या शब्दाबाबत मात्र मराठी भाषांतर अधिक न्यायी ठरले. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल फीबी नावाच्या स्त्रीची ओळख किंख्रिया येथील मंडळीची 'दियाकोनोस' अशी करून देतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात हाच शब्द पुरुषांसाठी आला तेव्हा काही ठिकाणी त्याचे 'डीकन' हे पद झाले आणि फीबीसाठी आला तेव्हा त्याचा अर्थ नुसती चाकर असा झाला. मराठीने तेथे सेवक आणि येथे सेविका म्हटले. शब्दात भेद केला नाही. भेद पुढे व्यवहाराने केला. पदासाठी आपण इंग्रजीतून 'डीकन' घेतला आणि 'सेविका' हा शब्द कामापुरता शिल्लक ठेवला.

आमच्या आजी 'बायबलबाई' होत्या. मिशनच्या काळात हा एक व्यवसायच होता. ज्या घरांत पुरुष प्रचारकाला प्रवेश नसे, तेथे या बाया जात, वचने वाचून दाखवीत, गाणी शिकवीत, आजारी माणसाजवळ बसत. आमच्या आजींना शुभवर्तमानांतील कितीतरी अध्याय मुखोद्गत होते. वऱ्हाडी बोलीत त्या ते असे समजावून सांगत, की उधळ्या पुत्राचा बाप आमच्याच आळीतला वाटे. त्यांच्या मंडळीच्या जुन्या वह्यांत पाळकांची नावे आहेत, वडिलांची नावे आहेत. आजींचे नाव आढळते ते फक्त पगाराच्या नोंदीत.

हे काम कोणत्या परंपरेतले, हे पाहण्यासाठी पंडिता रमाबाईंकडे जावे लागते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी तरुण पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात अशी कल्पना निघाली. मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी तीस हरकत घेतली. एका हिंदी स्त्रीने पुरुषांना शिकवणे तिच्याच देशबांधवांना रुचणार नाही, असा त्यांचा कयास होता. रमाबाईंना तो मान्य झाला नाही. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये ज्यांना 'पंडिता' म्हणून गौरविले आणि ज्यांनी पुरुषांच्या भरसभांत पुराणे सांगितली, त्यांना हिंदुस्थानची रीत बिशपांनी शिकवावी, हा प्रकार विलक्षणच होता. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. धर्मांतर म्हणजे विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे नव्हे, ही रमाबाईंची भूमिका त्यात लख्ख दिसते.

आमच्या मते त्यांचे खरे उत्तर पुढे केडगावला लिहिले गेले. मुक्ती मिशनच्या कामाचा डोंगर उपसत असतानाच उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण बायबल मराठीत आणले. प्रचलित भाषांतराची मराठी त्यांना संस्कृतप्रचुर वाटे. अल्पशिक्षित बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. छापखाना मिशनचाच होता आणि तेथे खिळे जुळवीत होत्या दुष्काळातून आणि वैधव्यातून वाचलेल्या बाया. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. अमेरिकेत ज्यूलिया स्मिथ यांनी १८७६ मध्ये स्वतः केलेले संपूर्ण भाषांतर छापले होते. अशी उदाहरणे जगात फार थोडी. रमाबाईंना पाळकपदाची दीक्षा कधीच मिळाली नाही. ज्या ग्रंथाच्या आधारे पाळकाने बोलायचे, तो ग्रंथ मात्र त्यांनी आपल्या भाषेत सिद्ध केला.

आमच्या वऱ्हाडातही या कथेचा एक धागा आहे. अकोल्यास मिशनचे काम करणाऱ्या जेनी फुलर यांचे हिंदी स्त्रियांवरील अन्यायांविषयीचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये निघाले. प्रस्तावना रमाबाईंची. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव मात्र 'मिसेस मार्कस बी. फुलर' असे, म्हणजे पतीचे. स्त्रीवरील अन्यायाचे पुस्तक आणि त्यावर स्त्रीचे स्वतःचे नावच नाही! पाटलीण-कुलकर्णीणची वहिवाट केवळ मराठीची नव्हती, एवढाच याचा अर्थ.

विरोध करणाऱ्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. ती सगळी माणसे दुराग्रही नसतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे म्हटले आहे, आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रात स्त्रीने पुरुषावर अधिकार चालवू नये असेही आहे. ज्याला शास्त्र हेच प्रमाण, त्याने ही वचने सोडून द्यावीत असे आम्ही म्हणणार नाही. ती आम्हांलाही प्रमाण आहेत. आमचे म्हणणे एवढेच, की ती प्रसंगासकट वाचावीत. ही वाचनपद्धती आम्ही परदेशातून आणलेली नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे लीळाचरित्राचे गाव. लीळाचरित्रातील चक्रधरस्वामींची वचने निवडून केशिराजांनी सूत्रपाठ सिद्ध केला. परंतु सूत्राचा अर्थ लावणारा पुन्हा लीळेकडे वळतो आणि ते कोणाला, केव्हा, कशावरून सांगितले हे पाहतो. त्याच लीळांत महदाइसा प्रश्नावर प्रश्न विचारताना दिसते आणि तिला कोणी गप्प बसवत नाही. करिंथचे पत्रही एका विशिष्ट भांडखोर मंडळीला लिहिलेले आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक आच्छादावे की नाही, याची चर्चा आहे. जी बोलतच नाही, तिच्या पदराची चिंता पौल कशाला करील?

हा प्रश्न आमच्यासाठी आज केवळ ग्रंथगत राहिलेला नाही. आमची एक माजी विद्यार्थिनी, मराठीची एम. ए., ईश्वरविज्ञान शिकण्याच्या विचारात आहे. तिच्या मंडळीत वर्षातून एका रविवारी उपासना स्त्रिया चालवतात. उरलेल्या रविवारी त्या फुले मांडतात आणि शाब्बाथ शाळा घेतात. "मुलांना शिकव की, कोण नको म्हणतं?" असे तिला तेथील वडिलांनी सांगितले. तिने आम्हांला विचारले, "सर, मॅडम, शिकून आले तर मला हाक काय मारतील?" ती हसत होती, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चार वर्षांचे शिक्षण, घरच्यांचा विरोध, आणि शेवटी हाक मारायला शब्द नाही, या भीतीने ती अर्ज भरायची थांबली आहे.

बाहेरची दारे अगदीच बंद नाहीत. दक्षिण भारतातील चर्चने २०१३ मध्ये नंद्याळ येथे पुष्पा ललिता यांना बिशप केले. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतातील चर्चला पहिली स्त्री बिशप २०२४ मध्ये लाभली : ओडिशातील फुलबाणी धर्मप्रांतात व्हायोलेट नायक. रोमन कॅथलिक चर्चने स्त्रियांना याजकपद देता येत नाही अशी भूमिका १९९४ मध्ये पुन्हा स्पष्ट केली. मात्र वाचक आणि वेदीसेवक ही पदे २०२१ मध्ये त्यांना खुली केली. म्हणजे वेदीजवळ उभे राहून शास्त्र वाचण्याचे पद तरी आता स्त्रीला रीतसर मिळू शकते.

राहिला हाकेचा प्रश्न. २००७ मध्ये अमरावतीच्या सूनबाई प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा 'पती' हा शब्द स्त्रीला कसा लावायचा यावर किती शाई खर्ची पडली! शपथविधी झाला आणि वर्तमानपत्रांनी 'राष्ट्रपती म्हणाल्या' असे छापले. नाम तेच राहिले, क्रियापद बदलले, वाद संपला. मराठीची ही सोय मोठी आहे : आदरार्थी बहुवचनातही क्रियापद लिंग सांगते. आपण 'प्राध्यापक आल्या', 'अध्यक्ष बोलल्या' असे रोज म्हणतो. बायबलमधला 'अध्यक्ष' हा शब्द तर आज बचत गटातल्या बायांनी केव्हाच आपलासा केला आहे. त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले, की तू अर्ज भर. 'पाळक आल्या' हे वाक्य व्याकरणाने आजही शुद्ध आहे. ते उच्चारण्याचे काम मंडळीकडे राहिले आहे.