तेल्यांच्या गावी एलियाहू

मित्राने आधीच बजावलं होतं, शनिवारी जाऊ नकोस. रायगडच्या किनाऱ्यावरचे शनवार तेली त्या दिवशी घाणा लावत नसत. घाणे गेले, पण शनिवार पाळणारी काही घरं अजून आहेत, कोणी भेटायचं नाही. म्हणून फेब्रुवारीतला एक रविवार धरला. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, तासाभरात मांडवा, पुढे रिक्षा. किहीमच्या रस्त्याला दर दोन-चार वळणांवर ‘पोपटी मिळेल’ची पाटी. रिक्षावाल्याला नवगाव म्हटल्यावर त्याने मान न वळवता विचारलं, “समुद्रावर की ज्यूंच्या जागेवर?”

ज्यूंची जागा म्हणजे किनाऱ्यालगतचं बेने इस्राएलांचं, म्हणजे या ज्यू शनवार तेल्यांचं, जुनं दफनस्थान. एक स्मारकस्तंभ आहे. बाकी जमिनीत अर्धे बुडालेले काळे दगड, त्यांच्यावर ना नाव ना साल. समोर पाण्यात खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीला हल्ली भाव आलाय. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यांत तो आहे. पण किल्ला बांधला १६७९ मध्ये, आणि या जागेची कथा त्याच्या कितीतरी आधीची. या बेटांजवळच्या खडकांवर एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या पोहत किनाऱ्याला लागल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी आणून टाकली, ती गावकऱ्यांच्या मदतीने इथे पुरली, पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्या. सामान, पोथ्या, सगळं समुद्राने नेलं. तोंडात राहिली ती प्रार्थनेची एक ओळ, ‘शेमा इस्राएल’. पुढे बारसं असो की मयत, प्रत्येक प्रसंगाला तेवढीच म्हणत राहिले.

ते पळाले कोणापासून? हाईम सॅम्युएल केहिमकर हे त्यांच्यातलेच इतिहासकार. आडनाव इथल्याच किहीमचं. त्यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेला समाजाचा इतिहास छापून निघाला थेट १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यांचं म्हणणं असं की आपले पूर्वज गालीलमधून निघाले ते सीरियाचा राजा अँटिओकस एपिफेनीस याच्या छळामुळे. हा राजा इ.स.पू. १७५ मध्ये गादीवर आला. अलेक्झांडरच्या सेल्युकस नावाच्या सेनापतीचं हे घराणं, राजधानी अँटिओक. त्याने ज्यूंच्या सुंतेवर आणि शब्बाथवर, म्हणजे शनिवारच्या विसाव्यावर, बंदी घातली, जेरुसलेमच्या मंदिरात ग्रीक देवाची वेदी मांडली. इ.स.पू. १६४ मध्ये ज्यूंनी मंदिर परत मिळवलं. शुद्ध तेल एका दिवसापुरतं होतं ते आठ दिवस पुरलं अशी कथा, आणि तिच्यावरून हनुक्का हा दिव्यांचा सण.

आणि हा सण कोकणातल्या बेने इस्राएलांना ठाऊकच नव्हता! केहिमकरांचा युक्तिवाद त्यावरच उभा आहे: सण सुरू होण्याआधीच आमची माणसं निघाली, मग त्यांना तो कुठून माहीत असणार? दगडांमध्ये उभं राहून मला या गोष्टीची वेगळीच गंमत वाटत होती. जगभरचे ज्यू ज्या सणात तेलाचं गुणगान करतात, तो नेमका तेल्यांच्या पंचांगात नव्हता. इथे उतरल्यावर या लोकांनी पोटासाठी घाणा धरला. सोमवारी बैलाला विसावा देणारे हिंदू ते सोमवार तेली, शनिवारी देणारे हे शनवार तेली. बाहेरच्या माणसाला फरक तेवढाच दिसे.

शहाण्या माणसाने इथे थोडं थांबावं. बेने इस्राएलांच्या जनुकांचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात पश्चिम आशियातल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोन्हींचा मोठा वाटा निघाला, आणि ती सरमिसळ साधारण १९ ते ३३ पिढ्यांमागची. म्हणजे पिढी तीस वर्षांची धरली तर सहाशे ते हजार वर्षं. अँटिओकस बराच मागे राहतो. गलबत नंतरचं असेल, किंवा एकापेक्षा जास्त गलबतं असतील. माझ्यापुरतं सांगायचं तर केहिमकरांचं साल मला पटत नाही, पण त्यांनी सीरियाचा तो राजाच का निवडला असेल ते मात्र कळतं. आपल्यात एक सण का नाही, याचं उत्तर त्यांना अज्ञानात नव्हे, मानात हवं होतं.

नवगावहून खंडाळा. घाटातलं नव्हे, अलिबागजवळचं. इथे एका खडकावर चाकांच्या चाकोऱ्यांसारख्या खुणा आहेत आणि एक खुरासारखा खळगा. किनाऱ्यावर बेशुद्ध पडलेल्या चौदा जणांना एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, याने शुद्धीवर आणलं आणि इथून तो आपल्या अग्निरथातून आकाशात गेला. हा एलियाहूचा टापा. लोक नवस बोलतात, फेडायला येतात. माघाच्या आसपास ज्यूंच्या शेवात महिन्याच्या पंधराव्याला, म्हणजे पौर्णिमेला, झाडांचा नववर्षदिन असतो. बाकीचे ज्यू त्या दिवशी फळं खातात, आपले बेने इस्राएल एलियाहूचा उरूस करतात. उरूस हा शब्दही त्यांनी शेजाऱ्यांकडूनच घेतला.

दोन बायका आणि एक तरुण ताट मांडत होते. मलिद्याचं ताट मी प्रथमच जवळून पाहिलं. पोहे धुऊन निथळलेले, त्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, बदामाचे काप. वर पाच फळं. एक लाल गुलाब आणि सब्जाची डहाळी. तरुणाने हिब्रूत आशीर्वाद म्हटले, मग थोरल्या बाईंनी डहाळी हुंगून माझ्याकडे दिली. “नुसतं बघू नका, वास घ्या. वासाचा पण आशीर्वाद असतो.” तोंडात टाकल्यावर मला लक्ष्मीपूजनाचे गोड पोहे आठवले. मलिदा हा शब्द मात्र फारसी, मळलेलं ते मलिदा.

एलियाहूचा मूळ मुलूख इथून फार लांब. बायबलात देव त्याला दमास्कसच्या रानाकडे जायला सांगतो. त्या दमास्कसच्या पूर्वेला जोबर नावाच्या वस्तीत एलियाहूच्या नावाचं एक पुरातन सिनेगॉग होतं, लोक तिथेही नवस करायला जात. अलेप्पोच्या मोठ्या सिनेगॉगमध्ये एलियाहूची गुहा होती. दहाव्या शतकात लिहिलेली हिब्रू बायबलची सगळ्यांत काटेकोर मानली जाणारी पोथी, अलेप्पो कोडेक्स, त्या गुहेत शतकानुशतकं जपली होती. १९४७ च्या डिसेंबरात दंगलीत सिनेगॉग जळलं, पोथीची बरीच पानं गेली. उरलेली पोथी १९५८ मध्ये चोरवाटेने जेरुसलेमला पोचली. जोबरचं सिनेगॉग २०१४ च्या मे महिन्यात यादवी युद्धात जमीनदोस्त झालं.

पण मला खंडाळ्याच्या खडकापाशी आठवत होतं ते तिसरंच ठिकाण. युफ्रेटीसच्या काठी ड्युरा-युरोपस नावाचं सीरियातलं ठाण्याचं शहर. वसवलं ते अँटिओकसच्याच घराण्याने. तिथे इ.स. २४४ च्या सुमारास ज्यूंनी सिनेगॉगच्या भिंती चित्रांनी भरून टाकल्या. मूर्ती आणि चित्रांचं वावडं असणाऱ्या धर्माच्या प्रार्थनाघरात! पुढे दहा-बारा वर्षांतच सासानी फौज चालून आली. तटबंदी भक्कम करण्यासाठी भिंतीलगतच्या इमारती मातीने बुजवल्या, त्यात हे सिनेगॉगही गाडलं गेलं, आणि गाडलं गेलं म्हणूनच वाचलं. १९३२ मध्ये उकरल्यावर रंग तसेच होते. आज ती चित्रं दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांतल्या एकात विधवेचं मेलेलं पोर एलियाहूच्या हातांत आहे, आणि शेजारी तेच पोर जिवंत होऊन आईच्या कडेवर. मेलेल्याला उठवणारा एलियाहू. कोकणात पोचल्यावर त्याने एका पोराऐवजी चौदा माणसं उठवली एवढंच.

चित्रांचं वावडं इथल्यांनीही फार मनावर घेतलेलं नाही. अग्निरथातल्या पांढऱ्या दाढीच्या एलियाहूची छापील तसबीर बेने इस्राएलांच्या घरोघरी भिंतीवर असते. अलिबागच्या इस्राएल आळीत मी ती पाहिली, चौकटीला हार घातलेली. दाराच्या चौकटीवर तिरकी मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची डबी, त्यावरच आंब्याचं तोरण. आळीतलं मागेन अबोथ सिनेगॉग १८४८ चं, १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. माझ्याकडे टोपी नव्हती, तर राखणदाराने खिशातला रुमाल काढून स्वतःच माझ्या डोक्यावर पसरला. आत मधोमध कठड्याचा चौथरा, वरून लोंबणारे काचेचे दिवे, आणि सुंतेच्या वेळी रिकामी ठेवायची एलियाहूची खुर्ची. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेली ती ‘जुनी मशीद’, आणि मस्जिद बंदर हे नाव तिच्यावरून पडलं असं सांगतात. सामाजी हसाजी म्हणजे सॅम्युएल इझिकेल. अलिबागचा अली कोण, मुसलमान की बेने इस्राएल, हा वाद तर आळीत अजून चहाबरोबर चालतो.

सणांची नावं ऐकावीत. नववर्ष ते नव्याचा सण. योम किप्पूर हा दारफाळणीचा, दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, कोणाला शिवायचं नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण. नव्या तांदळाच्या खिरीचा एक सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या सुतकाला बिरड्याचा रोजा, कारण उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्याने. जेरुसलेमचा शोक आणि रायगडचा वाल! वालाच्या शेंगांच्या त्या पोपटीच्या पाट्या आठवून मला हसू आलं.

हे सगळे ज्यू आहेत हे ओळखलं कोणी, तर डेव्हिड रहाबी नावाच्या परदेशी ज्यूने. तो कधी आला यावर मतं दोन टोकांची, पण गोष्ट सगळ्यांची एकच. त्याने बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली मासळी राखली आणि कोळंबी, चिंबोरी बाजूला काढली. रहाबीची खात्री पटली. कोकणात राहून चिंबोरी सोडायची म्हणजे धर्म मुरलेलाच असणार.

दुपारी एसटीने रेवदंडा. बसमधून उतरलं की समोर पोर्तुगीजांचा तट, त्याच्या पोटातून रस्ता जातो आणि नारळाच्या वाड्या सुरू होतात. चौल-रेवदंडा हे अरबांचं सैमूर. बगदादचा प्रवासी अल्-मसूदी इथे हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६ च्या सुमारास आला, तेव्हा दहा हजारांच्या आसपास मुसलमान इथे घरं करून होते, सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडचे. शिलाहारांच्या राज्यात त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक मुखिया नेमलेला होता. पश्चिम आशियाच्या माणसाचं इथे कोणाला नवल नव्हतं. कुंडलिकेच्या मुखाशी १५०८ मध्ये इजिप्त आणि सीरियाचा सुलतान कान्सूह अल्-घुरी याच्या आरमाराने पोर्तुगीजांना झोडपलं, व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा त्यात मेला. आठ वर्षांनी तो सुलतान अलेप्पोच्या उत्तरेला तुर्कांशी लढताना पडला. चौलच्या खाडीत आज कोळ्यांच्या होड्या आणि वाळत घातलेली जाळी आहेत.

रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग बंद होतं. किल्ली ज्यांच्याकडे, त्या घरी गेलो. सत्तरी ओलांडलेल्या मावशी, नऊवारी नव्हे, फुलाफुलांचा गाऊन. दोन मुलं इस्राएलमध्ये. स्थलांतर १९४८ नंतर सुरू झालं आणि गावंच्या गावं रिकामी झाली. आता तिकडे किती तरी हजार आहेत आणि इकडे आळीत मोजकी दारं. पण तिकडे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं, बायका मराठीतून कीर्तनं करत राहिल्या. याच किनाऱ्यावरच्या एका सिनेगॉगची राखण करणारी बाई एस्थर डेव्हिड यांच्या ‘बुक ऑफ रेचेल’ची नायिका आहे. त्या इंग्रजी कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, प्रत्येक प्रकरणाला एक पाककृती आहे. मावशींना विचारलं, वाचलीत का? “स्वयंपाक मला येतो,” त्या म्हणाल्या.

पुढ्यात बशी आली. चिकाचा हलवा, गुलाबी, वड्या चौकोनी पाडलेल्या, वर बदाम. गहू भिजवून, वाटून, गाळून काढलेला चीक. “दूध नाही हो यात. नारळाचा रस आहे. मटणावर पण चालतो.” मांस आणि दूध एकत्र न खाण्याचा हजारो वर्षांचा नियम, आणि तो पाळणं सोपं केलं ते या वाड्यांमधल्या माडांनी.

मी हनुक्काचं विचारलं. आपल्यात नव्हता म्हणतात ना?

“आजीच्या वेळी नव्हता. आता करतो की. मुलाने दिवा पाठवलाय तिकडून.” त्यांनी फडताळातून पितळी हनुक्किया काढून दाखवली, एका रांगेत आठ वाट्या आणि वर एक नववी. वाट्यांच्या तळाला तेलाचा काळपट चिकट थर होता. सासऱ्यांचा घाणा होता म्हणे मागच्या अंगणात. त्याचं दगडी उखळ अजून तिथेच आहे, त्यात पावसाचं पाणी साठतं म्हणून तुळस लावलीय.

“तेल कुठलं घालता?”

“खोबरेल. दुकानातली निळी बाटली. थंडीत गोठतं मेलं, मग उन्हात ठेवायचं.”

साडेपाचच्या अलिबाग गाडीला वेळ होता. मावशींनी उरलेल्या वड्या वर्तमानपत्रात बांधून दिल्या आणि किल्ली घेऊन पुढे झाल्या.