गेल्यावरही गात राहिलेला

जिम रीव्ह्ज हे नाव तुम्हाला माहीत नसेल, पण वसईत किंवा गोव्यात एखादा डिसेंबर काढला असेल तर त्याचा आवाज बहुधा कानावरून गेलाय. १९६३ साली त्याची ‘ट्वेल्व्ह साँग्स ऑफ ख्रिसमस’ ही एलपी आली. माझी वसईची मैत्रीण सांगते, घरात नाताळच्या फराळाची तयारी सुरू झाली की जिमअंकल सुरू होतात. जिमअंकल! जणू मागच्याच आळीत राहतात.

माणूस टेक्सासचा. बेसबॉल खेळायचा, दुखापतीने ते सुटलं, मग रेडिओवर निवेदक झाला. १९५३ चं ‘मेक्सिकन जो’ हे त्याचं पहिलं मोठं हिट ऐकलंत तर हा तोच गायक, यावर विश्वास बसत नाही. चढा, खणखणीत आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं, ही तेव्हाची रीत. पण १९५७ मध्ये ‘फोर वॉल्स’ गाताना त्याने पट्टी खाली आणली आणि ओठ जवळजवळ माइकला टेकवले. आरसीए कंपनीतल्या काहींना हे पटलं नव्हतं. निर्माता चेट ॲटकिन्स मात्र त्याच्या बाजूने उभा राहिला. गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलंच, पॉपच्या यादीतही वर गेलं.

१९५९ मध्ये रेकॉर्ड केलेलं ‘ही’ल हॅव टू गो’ हेडफोन लावून ऐका. बारमधून एका बाईला फोन करणारा माणूस, आणि तिच्याजवळ दुसरा कुणीतरी. हा आवाज चढवत नाही, रडतही नाही. रात्री दीड वाजता व्हॉइस नोट आल्यासारखं वाटतं. आधीचे गायक स्टेजवरून गायचे, हा थेट कानात.

३१ जुलै १९६४ ला तो स्वतः चालवत असलेलं छोटं विमान वादळात सापडलं आणि नॅशव्हिलजवळ कोसळलं. वय ४०. सोबत असलेला त्याचा पियानोवादक डीन मॅन्युएलही गेला.

कारकीर्द मात्र थांबली नाही. ‘डिस्टंट ड्रम्स’ त्याने नुसतं नमुना म्हणून गाऊन ठेवलं होतं. नंतर त्यावर वाद्यवृंद चढवला गेला आणि १९६६ मध्ये, बीटल्स ऐन भरात असताना, ते ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. इथवर माझी काही तक्रार नाही. गाणं त्याने गायलं होतं, सगळं गायलं होतं.

पुढचं बोचतं. १९७९ मध्ये त्याच्या जुन्या गाण्यांत डेबोरा ॲलनचा आवाज मिसळून द्वंद्वगीतं केली. तो गेला तेव्हा ती शाळकरी पोर होती. १९८१ मध्ये त्याची जोडी लावली पॅट्सी क्लाइनशी, जी त्याच्याही आधी, १९६३ मध्ये, विमान अपघातातच गेली होती. दोघांनी एकत्र रेकॉर्डिंग कधीच केलं नव्हतं. जुन्या टेपमधून आवाज वेगळे काढले, जुळवले, नवी वाद्यं भरली. गाणं गोड आहे, हीच तर पंचाईत. पण नीट ऐकलं की कळतं, दोघांपैकी कुणीच दुसऱ्यासाठी थांबत नाहीये.

तरी त्यातला प्रत्येक शब्द निदान त्यांच्या तोंडून निघालेला होता. २०२४ च्या ‘लाल सलाम’मध्ये ए. आर. रेहमानने बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआय वापरून आणले, घरच्यांची परवानगी घेऊन, मोबदला देऊन. व्यवहार चोख. पण परवानगी देताना त्या घरांत काय बोलणं झालं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण आमच्याही घरात ते चाललंय. बाबांच्या नऊ व्हॉइस नोट्स माझ्याकडे आहेत. गॅसचा नंबर लावलास का, एसटी मिळाली का, असल्या. मागच्या महिन्यात चुलतभाऊ म्हणाला, “त्या मला दे. ताईच्या लग्नात काका स्वतः दोन मिनिटं बोलतील. एकदम सोपं आहे.” ताईचे डोळे भरून आले, तिला हवं होतं. आई बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “ते एवढं बोलायचेच नाहीत रे.”

फाइल्स मी अजून पाठवलेल्या नाहीत. लग्नाला सात आठवडे आहेत.