दोन केंब्रिज आणि एक चौसष्ट पानी वही

जगाचा नकाशा समोर पसरा. इंग्लंडात लंडनच्या उत्तरेला, कॅम नावाच्या छोट्याशा नदीकाठी एक गाव सापडेल. त्याचं नाव केंब्रिज. आता बोट तसंच डावीकडे सरकवा. अख्खा अटलांटिक महासागर ओलांडा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोस्टन शहर दिसतंय ना? त्याच्या अगदी शेजारी, मध्ये फक्त चार्ल्स नदी ठेवून, आणखी एक केंब्रिज आहे!

हा योगायोग नाही बरं का. इंग्लंडातून गेलेल्या लोकांनी हे गाव वसवलं, तेव्हा त्याचं नाव होतं न्यूटाउन. १६३६ साली तिथल्या कॉलेजची, म्हणजे आजच्या हार्वर्डची, स्थापना झाली. मग १६३८ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या देशातल्या विद्यापीठाच्या गावाचं नाव या नव्या गावाला देऊन टाकलं.

आज आपण या दोन्ही गावांत फिरायचं आहे. पासपोर्ट नको, विमानाचं तिकीटही नको. आपण एका कोड्याचा माग काढत जाणार आहोत. कोडं असं : एकाच कॉम्प्युटरचे अनेक कॉम्प्युटर कसे करायचे?

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? पण बाबा मोबाइलवरून विजेचं बिल भरतात, ताई दहावीचा निकाल बघते, तेव्हा दूरवरून उत्तर देणारा कॉम्प्युटर पुष्कळदा स्वतंत्र यंत्र नसतोच. एका मोठ्या यंत्रात दाटीवाटीने राहणाऱ्या अनेक भाडेकरूंपैकी तो एक असतो. प्रत्येक भाडेकरूला मात्र वाटतं की हे घर माझं एकट्याचंच! हा चमत्कार पहिल्यांदा नीट जमला तो अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये. चला तर.

बोस्टनहून ‘रेड लाइन’ नावाच्या गाडीत बसू. गाडी बोगद्यातून बाहेर येते आणि लाँगफेलो पुलावरून चार्ल्स नदी ओलांडते. खिडकीतून पाण्यावरच्या शिडाच्या होड्या बघून घ्या, कारण लगेच गाडी पुन्हा जमिनीखाली शिरते आणि केंडल स्टेशन येतं. इथून थोडं चाललं की टेक्नॉलॉजी स्क्वेअर. पूर्वी या जागेवर साबणाचा कारखाना होता. १९६० नंतरच्या दशकात तिथे काचा-काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या आणि साबणाऐवजी कॉम्प्युटरच्या नव्या कल्पना तयार होऊ लागल्या.

१९६४ साली आयबीएम कंपनीने इथे आपलं एक छोटं संशोधन केंद्र काढलं. नॉर्मन रासमुसेन त्याचे प्रमुख होते. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर कपाटं. किंमत प्रचंड. शास्त्रज्ञांनी आपलं काम भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहून द्यायचं आणि उत्तराची वाट बघत तासन् तास बसायचं. जवळच्याच एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ मध्ये एकाच कॉम्प्युटरवर अनेकांना एकाच वेळी काम करता येतं, हे दाखवून दिलं होतं. आयबीएमच्या केंद्रातले रॉबर्ट क्रीसी आणि त्यांचे सहकारी त्याच्याही पुढे गेले. ते म्हणाले, प्रत्येकाला कॉम्प्युटरचा तुकडा कशाला द्यायचा? आख्खा कॉम्प्युटरच देऊ या! अर्थात खरा नव्हे, आभासी.

त्यांच्या या कारभारी प्रोग्रॅमचं नाव सीपी-४०. जानेवारी १९६७ पर्यंत तो रोजच्या वापरात आला. त्याने काय केलं, ते आता वहीवर समजून घेऊ.

त्यांच्या यंत्राची मेमरी होती २५६ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. ही मेमरी चार-चार किलोबाइटच्या भागांत कापली होती. प्रत्येक भागाला म्हणतात ‘पान’. करा बघू भागाकार. २५६ भागिले ४, म्हणजे ६४. म्हणजे कारभाऱ्याकडे होती एक चौसष्ट पानी वही.

आणि त्याने जास्तीत जास्त १४ भाडेकरूंना काय सांगितलं असेल? “तुझ्याकडे चौसष्ट पानी वही आहे. सगळी पानं तुझीच!” आता करा गुणाकार. १४ गुणिले ६४, म्हणजे ८९६ पानं. खरी पानं मात्र ६४, आणि त्यांतलीही काही खुद्द कारभाऱ्यालाच लागायची.

ही फसवणूक वाटते ना? पण जरा विचार करा. तुमच्याकडे दोनशे पानी वही असली, तरी गणित सोडवताना एका वेळी किती पानं उघडी असतात? एक किंवा दोन. कारभाऱ्याने नेमकं हेच हेरलं. ज्या पानांवर लिहिणं चालू आहे, तेवढीच खऱ्या वहीत ठेवायची. बाकीची पानं बाहेरच्या मोठ्या पण हळू साठवणीत, समजा एका पेटाऱ्यात, ठेवायची. जवळ एक नोंदवही : सुमीचं पान ५ खऱ्या वहीत ४१ व्या जागी, बंडूचं पान ५ खऱ्या वहीत १७ व्या जागी, सुमीचं पान ६ पेटाऱ्यात. या नोंदी झटपट सापडाव्यात म्हणून त्या यंत्राला एक खास भागही जोडला होता.

सुमीने पान ६ मागितलं की कारभारी तिला थांबवतो, पेटारा उघडतो, पान आणतो, नोंद बदलतो आणि तिला म्हणतो, “हं, चालू कर.” मधल्या वेळात आपण थांबलो होतो, हे सुमीला कळतही नाही. आणि मुख्य म्हणजे सुमीने कितीही प्रयत्न केला तरी बंडूचं पान तिला उघडता येत नाही. तिच्या नोंदीत ते पानच नसतं!

हे झालं वहीचं. पण आकडेमोड करणारा प्रोसेसर तर त्या यंत्रात एकच होता. तो चौदा जणांना कसा पुरवायचा?

तुमच्यापैकी काही जण वाडीवस्तीवरच्या शाळेत जात असतील. तिथे एकच बाई किंवा गुरुजी पहिली ते चौथी शिकवतात. पहिलीला गिरवायला दिलं, की दुसरीची बेरीज. ती चालू असताना तिसरीचा धडा. कारभारीही तसंच करतो. घंटा वाजली की तो एका भाडेकरूचं काम थांबवतो आणि एक चिठ्ठी लिहून ठेवतो. पान २३, तिसरं उदाहरण, दहापर्यंत बेरीज झाली, हातचा १. मग दुसऱ्याची चिठ्ठी काढतो आणि त्याचं काम होतं तिथून पुढे चालू करतो. या चिठ्ठीत हातचा १ लिहायचा राहिला, तर? सगळं उत्तर चुकलं! म्हणून चिठ्ठी अगदी काटेकोर हवी. ‘आभासी प्रोसेसर’ हे नाव मोठं भारदस्त आहे, पण त्याचा गाभा म्हणजे ही चिठ्ठीच.

या कारभाऱ्याला म्हणतात ‘हायपरवायझर’. दहावीच्या परीक्षेत प्रत्येक वर्गात एक पर्यवेक्षक असतो, म्हणजेच सुपरवायझर. आणि सगळ्या पर्यवेक्षकांवर एक केंद्रसंचालक. कॉम्प्युटर चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला तेव्हा सुपरवायझर म्हणत. त्यांच्याही वरचा तो हायपरवायझर!

पण सगळ्यांनी एकदमच खूप पानं मागितली तर? मग कारभारी नुसता पेटाऱ्याकडे धावत सुटतो. एकाचं पान आणायला दुसऱ्याचं ठेवावं लागतं, आणि तेच पुढच्या क्षणी हवं असतं. धावपळ प्रचंड, काम शून्य. याचं कारण आणि त्यावरचा उपाय १९६८ साली पीटर डेनिंग या तरुणाने सांगितला. तो एमआयटीत, अगदी याच परिसरात शिकत होता. त्याचं म्हणणं असं : प्रत्येकाला सध्या खरोखर किती पानं लागतात ते बघा. तेवढी देता येत नसतील, तर नव्या माणसाला आत घेऊच नका. किती साधी गोष्ट, नाही का? पुरवता येईल तेवढंच कबूल करायचं.

आयबीएमने १९७२ साली ही युक्ती मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली. पुढे कॉम्प्युटर स्वस्त झाले, घरोघरी आले. मग वाटून घ्यायची गरजच काय? पण काही वर्षांनी कंपन्यांमध्ये कॉम्प्युटरने खोल्या भरल्या, आणि त्यांतले पुष्कळसे बहुतेक वेळ रिकामेच बसून वीज खायचे. जुनी युक्ती पुन्हा आठवली. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या व्हीएमवेअर कंपनीने ती साध्या पीसीवर करून दाखवली. आणि आता आपल्याला समुद्र ओलांडून दुसऱ्या केंब्रिजला जायचं आहे.

इथली कॅम नदी किती शांत! लांब बांबूसारख्या काठीने तळ रेटत सपाट होड्या चालवतात. काठावर शेकडो वर्षांची कॉलेजं. आपले डॉ. जयंत नारळीकर याच गावात शिकले आणि मग पुण्यात ‘आयुका’ उभी केली. पण आपण सायकल काढून गावाच्या पश्चिमेला जाऊ. तिथे विल्यम गेट्स बिल्डिंगमध्ये विद्यापीठाचा कॉम्प्युटर विभाग आहे. इयन प्रॅट, कीर फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली इथून ‘झेन’ नावाचा हायपरवायझर जगापुढे ठेवला. एका यंत्रावर १०० पर्यंत भाडेकरू ठेवायचे, हे त्यांचं उद्दिष्ट.

त्यांच्यापुढे एक अडचण होती. पीसीमधल्या तेव्हाच्या प्रोसेसरला काही हुकूम भाडेकरूने दिले, तर तो कारभाऱ्याला हाकच मारत नसे. गुपचूप भलतंच काहीतरी करून पुढे जाई. झेनच्या मंडळींनी तोडगा काढला. त्यांनी भाडेकरूलाच थोडं बदललं, आणि असं काही करण्याआधी कारभाऱ्याला विचारायला शिकवलं. पुढे २००५-०६ पासून इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरच सुधारले, आणि ही अडचण बरीचशी मिटली.

झेनमध्ये एक फुगाही होता! गंमत ऐका. कारभाऱ्याला एखाद्याकडून काही पानं परत हवी आहेत, पण कोणती पानं बिनकामाची हे त्याला कसं कळणार? म्हणून तो त्या भाडेकरूच्या घरात एक फुगा ठेवतो. फुगा फुगवला की घरात जागा कमी पडते. मग भाडेकरू आपणहून कमी गरजेची पानं मोकळी करतो. ती जागा फुग्याच्या नावावर जाते आणि कारभारी ती दुसऱ्याला देतो. ही युक्ती आधी व्हीएमवेअरने केली होती. प्रोसेसरच्या पाळ्याही ठरलेल्या. झेनमध्ये पुढे आलेल्या पद्धतीत एक पाळी साधारण ३० मिलिसेकंदांची. तुमची पापणी लवेपर्यंत अशा तीन पाळ्या तरी होऊन जातात!

झेन सर्वांसाठी खुला होता. ऑगस्ट २००६ मध्ये अमेझॉन कंपनीने तासाच्या भाड्याने कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली, ती झेनच्याच जोरावर. २०१६ साली याच कंपनीची ही सेवा मुंबईतूनही मिळू लागली.

म्हणजे आपली सफर आपल्या घराजवळच आली की! कधी ठाणे-वाशी लोकलने गेलात, तर ऐरोली, रबाळेकडे लक्ष ठेवा. या भागात मोठमोठी डेटा सेंटर आहेत. आत ओळीने कपाटं, थंडगार हवा आणि पंख्यांची घरघर. अशाच एका कपाटातल्या एकाच यंत्रात शेजारी-शेजारी राहत असतील एक बँक, एक दवाखाना, एक शाळा. एकमेकांना न ओळखणारे. त्यांच्या मध्ये भिंत कसली, तर कारभाऱ्याच्या नोंदवहीची!

म्हणून एक नियम फार महत्त्वाचा. एकाचं पान दुसऱ्याला द्यायचं, तर आधी पाटीसारखं स्वच्छ पुसून द्यायचं. नाहीतर दवाखान्यातल्या पेशंटची माहिती भलत्याच्याच हाती पडेल. ऑगस्ट २०१८ मध्ये संशोधकांनी असाच एक धोका दाखवून दिला. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांत अगदी आत एक छोटी, वेगवान मेमरी असते. तिथे एका भाडेकरूचे जे अक्षर राहून जाई, त्याचा माग दुसरा काढू शकत होता. मग जगभर कारभाऱ्यांना नवे नियम शिकवावे लागले : पाळी बदलताना ही छोटी पाटीसुद्धा पुसा, आणि अनोळखी दोघांना एका बाकावर शेजारी बसवू नका. थोडा वेळ जास्त लागला, पण विश्वास महत्त्वाचा.

आता रविवारी चौघांनी मिळून एक खेळ खेळा. पाटीवर आठ चौकोन आखा. ही खरी वही. तिघे भाडेकरू, एक कारभारी. प्रत्येक भाडेकरूला सांगा की आठही चौकोन तुझे. पाटी कारभाऱ्याकडेच राहील, बाकीच्यांनी ती बघायची नाही. “माझ्या ३ नंबरच्या चौकोनात ७ लिही,” “माझ्या ३ मध्ये काय आहे?” एवढंच बोलायचं. कारभाऱ्याने कागदावर नोंद ठेवायची, जागा संपली की जुना आकडा चिठ्ठीवर उतरवून डब्यात टाकायचा. आधी प्रत्येकाने दोनच चौकोन वापरा. मग सगळ्यांनी आठही वापरून बघा, म्हणजे कारभाऱ्याची कशी त्रेधा उडते ते कळेल.

आणि हो, एकेक डाव प्रत्येकाने कारभारी व्हा. सगळ्यांचे आकडे दिसत असूनही कोणाचे कोणाला न सांगणं किती अवघड असतं, तेही कळेल.