अर्धा गॉगल आणि अख्खा कोकणकडा

शुक्रवारी रात्रीची कसारा लोकल. ऑफिसच्या सॅकमध्ये लॅपटॉपच्या जागी ट्रायपॉड, डब्यात थेपले आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला एक चौकोनी तुकडा. शेजारच्या काकूंनी विचारलंच, ‘‘गॉगलची काच का गं?’’ तसं म्हटलं तर हो. पण अर्ध्याच गॉगलची!

वरचा भाग काळसर, खालचा स्वच्छ आणि मध्ये हळूहळू उतरत जाणारी छटा. याला म्हणतात ग्रॅज्युएटेड फिल्टर, लाडाने ‘ग्रॅड’. काम एकच, आभाळाला थोडं गप्प बसवायचं.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सूर्य कलला की वरचं आभाळ पेटतं आणि खालची दरी सावलीत बुडते. आपले डोळे दोन्ही सांभाळून घेतात, कॅमेऱ्याला ते झेपत नाही. दरीसाठी एक्स्पोजर घेतलं की आभाळ पांढरंफटक, आभाळासाठी घेतलं की खाली नुसतं डांबर. माझ्या पहिल्या फेरीतले सगळे फोटो याच दोन जातींचे होते.

तसं चाललंही असतं, पण फर्माईश बाबांची होती. तरुणपणी ते कितीदा या गडावर गेलेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गड बंद. ‘‘आभाळ दिसू दे आणि खालचं कोकणही. आम्ही बघायचो तसं,’’ एवढंच मागणं.

मग मी केली टिपिकल चूक. ऑनलाइन सेल, नऊ फिल्टरांची पेटी, होल्डर फुकट. निळा, नारिंगी, तपकिरी... होळीच आली घरी! राखाडी ग्रॅड लावून दुसऱ्या फेरीत फोटो काढले आणि ऐटीत बाबांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा वर-खाली केला. ‘‘अगं, संध्याकाळ अशी वांग्याच्या रंगाची नसते.’’

खरंच होतं. स्वस्त राखाडी बऱ्याचदा नुसता राखाडी नसतो, त्यात जांभळट झाक असते. कॉम्प्युटरवर ती काढायला गेले तर आभाळ सुधारलं आणि खालचे दगड हिरवे पडले. साहजिकच आहे, रंग चढलाय अर्ध्याच फोटोवर आणि मी पुसतेय अख्ख्यावरून.

तुम्ही म्हणाल, दोन वेगळ्या एक्स्पोजरचे फोटो सॉफ्टवेअरमध्ये जोड ना! जोडते कधीकधी. पण कड्यावर वारा असा की दोन क्लिकच्या मध्ये गवत जागचं हललेलं असतं. शिवाय आठवडाभर स्क्रीनसमोर बसून शनिवारचा सूर्यास्तही स्क्रीनवरच शिवायचा? नको रे बाबा.

तिसऱ्या खेपेला पेटीचा नाद सोडला आणि फोर्टातल्या बोरा बाजारात जाऊन तेवढ्याच बजेटमध्ये एकच फिल्टर घेतला. सोबत होता घरचा पांढरा कागद. तो दुकानाच्या दारात उजेडात धरला, फिल्टरचा काळा भाग त्याच्या अर्ध्यावर ठेवला आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून फोटो घेतला. कागद करडा दिसला तर पास, गुलाबी दिसला तर नमस्कार. दुकानदार वैतागला, पण तिसरा तुकडा पास झाला.

लेन्सवर फिरवून बसवायचा गोल ग्रॅड स्वस्तात मिळतो, पण घेऊ नका. त्याची सीमारेषा कायम बरोब्बर मधोमध, म्हणजे क्षितिज कुठे ठेवायचं हे फिल्टर ठरवणार. चौकोनी तुकडा वर-खाली सरकवता येतो. ८४ मिलिमीटर रुंदीचा साध्या किट लेन्सला पुरतो. १०० मिलिमीटरची मिजास मोठ्या वाइड लेन्सवाल्यांनी करावी. आणि हो, घ्यायचा तो ‘सॉफ्ट’. तीक्ष्ण रेषेचा ‘हार्ड’ ग्रॅड समुद्राच्या सपाट क्षितिजाला छान, गणपतीपुळ्याला न्या. सह्याद्रीत क्षितिज सरळ असतं कुठे? हार्ड लावला की आभाळात घुसलेल्या कड्याचं डोकंही काळं होतं.

ताकद? संध्याकाळी एकदा जमिनीचं आणि एकदा आभाळाचं मीटर वाचा. माझ्याकडे फरक साधारण चार स्टॉपचा येत होता. मी तीन स्टॉपचा घेतला, म्हणजे डबीवर ०.९ किंवा एनडी ८. आभाळाचा प्रकाश एक अष्टमांश. आभाळ जमिनीपेक्षा थोडं उजळच राहायला हवं, नाहीतर फोटो खोटा वाटतो. दुपारी किंवा ढगाळ हवेत दोन स्टॉपचा, ०.६ चा, पुरे.

शनिवारी पाचनईच्या सोप्या वाटेनं वर. देवळाजवळ पिठलं-भाकरी आणि साडेपाचला कड्यावर. काठापासून चांगली लांब बसले, वाऱ्याशी पैज लावू नये. होल्डर न लावता फिल्टर हातानेच लेन्सपुढे धरला (होल्डरचे पैसे वाचले), लाइव्ह व्ह्यूमध्ये बघत बघत खाली सरकवला. एफ-११, ट्रायपॉड, क्लिक. बोटाचा ठसा उमटला म्हणून पुसून पुन्हा क्लिक. वीस मिनिटांत खेळ खलास.

रविवारी रात्री बाबांनी फोटो मोठा करून पाहिला. आभाळाकडे बघितलंच नाही! बोट थेट खालच्या सावलीत, चार ठिपक्यांवर.

‘‘हे बेलपाडा. इथून पहाटे निघालो होतो, नळीच्या वाटेनं. तुझी आई चिडली होती तेव्हा.’’

मग आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.